डिसअफेक्शन म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या महिन्यात ऑफिसात एक बग निघाला. तो माझाच होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

एका क्लायंटसाठी ग्राहकांचा फीडबॅक दाखवणारा डॅशबोर्ड बनवत होतो. फॉर्मवर प्रश्न साधा: सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, नाहीतर काहीच न निवडता पुढे जा. मी कोडमध्ये काय केलं, तर ‘हो’ म्हणणारे एका बाजूला काढले आणि उरलेले सगळे दुसऱ्या बाजूला ढकलले. त्या दुसऱ्या बाजूला नाव दिलं ‘डिससॅटिस्फाइड’ आणि रंग दिला लालभडक. डेमोच्या आदल्या दिवशी स्क्रीन अशी लाल झाली की बघणाऱ्याला वाटावं, क्लायंटचं दुकान आता बंदच पडणार. टेस्टिंगमधल्या आमच्या एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, “ज्यांनी उत्तरच दिलं नाही, ते नाराज आहेत हे तुला कुणी सांगितलं?”

काय बोलणार? कॉलेजमध्ये चार वर्षं घोकलेलं – नल वेगळं, शून्य वेगळं आणि फॉल्स वेगळं – ते कोड लिहिताना मी विसरलो होतो. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. पण त्या निमित्ताने इंग्रजीतल्या ‘नाही’वाल्या शब्दांचा किडा डोक्यात वळवळायला लागला, आणि तो मला थेट १८९७ सालच्या मुंबई हायकोर्टात घेऊन गेला. आजचा लेख त्याबद्दल.

आधी शब्दांचं बघू. इंग्रजीत एखाद्या शब्दाला नकार द्यायचा तर पुढे काहीतरी चिकटवायचं – अन, डिस, इन, नॉन, नुसता अ. आपण शाळेत हे सगळे ‘विरुद्धार्थी शब्द’ म्हणून एकाच तक्त्यात पाठ केलेले असतात, त्यामुळे ते सगळे सारखेच वाटतात. तसे ते नसतात. अनसॅटिस्फाइड म्हणजे ज्याची गरज अजून भागलेली नाही असा. डिससॅटिस्फाइड म्हणजे ज्याला मिळालं ते आवडलेलं नाही असा. पहिल्याचं पोट भरलेलं नाही, दुसरा जेवून हॉटेलवाल्याला शिव्या घालतोय. अमॉरल म्हणजे ज्याला नीती-अनीतीचा प्रश्नच लागू होत नाही. इममॉरल म्हणजे जो सरळ अनीतीने वागतो. माझा कॉम्प्युटर अमॉरल आहे, तो इममॉरल होऊ शकत नाही (सोमवारी सकाळी मला तसं वाटत असलं तरी). अनइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा. अनइंटरेस्टेड असला तर तो झोपेल.

थोडक्यात, एखादी गोष्ट ‘नसणं’ आणि तिच्या ‘उलट काहीतरी असणं’ या दोन वेगळ्या अवस्था. एक शून्य, दुसरी उणे. इंग्रजीतला ‘डिस’ बऱ्याचदा उणेकडे झुकतो, पण नेहमीच नाही. हा जो ‘नेहमीच नाही’ आहे ना, त्यातच सगळी गोची आहे.

आपल्याकडेही हे नाही असं नाही. संस्कृत व्याकरणात नकार दाखवणाऱ्या ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत: सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, वाईटपणा आणि विरोध. म्हणजे एकच ‘अ’, पण सहा कामं करतो. ‘अधर्म’ म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध वागणं. ‘अनुदरा’ म्हणजे पोटच नसलेली नव्हे, तर बारीक कमरेची मुलगी. इथे ‘अ’चा अर्थ अल्पता. ‘अमित्र’ म्हणजे ओळखपाळख नसलेला माणूस नव्हे, चक्क शत्रू. आपल्या जुन्या पंडितांनी हा बग दीड-दोन हजार वर्षांपूर्वी डॉक्युमेंट करून ठेवला होता म्हणा ना. :)

आता १८९७.

मी चिखलीला राहतो. चिंचवडला काही काम निघालं की चापेकर चौकातून जावं लागतं. आपल्यातले बरेचजण तिथल्या ट्रॅफिकला रोज शिव्या देतात. पण तो चौक ज्यांच्या नावाचा आहे ते दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू त्याच चिंचवडगावातले, हे कितीजणांच्या डोक्यात असतं कुणास ठाऊक. पुण्यात प्लेग आला तेव्हा प्लेग कमिटीचा अध्यक्ष होता वॉल्टर रँड. घराघरांत गोरे सोल्जर घुसवून झालेल्या तपासण्यांमुळे लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गणेशखिंडीतल्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, साजरा झाला. तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

मारेकरी सापडेना. सरकार हादरलेलं होतं. आणि त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराज आजच्या स्थितीबद्दल बोलत आहेत अशा कल्पनेची एक कविता छापून आली होती. वृत्तांतात अफझलखानाच्या वधाचं समर्थन करणारं टिळकांचं भाषण होतं. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता, कटाचाही नव्हता. आरोप होता भारतीय दंडविधानाच्या कलम १२४-अ चा. आणि त्या कलमाच्या मध्यभागी बसला होता आपला आजचा शब्द – डिसअफेक्शन.

त्या कलमाचीही गंमत आहे. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होतं. १८६० साली दंडविधान मंजूर झालं तेव्हा ते गायब होतं. १८७० साली फिट्झजेम्स स्टीफन या कायदेमंत्र्याने ते परत आत घातलं. म्हणजे आधी स्पेकमध्ये होतं, रिलीजमध्ये राहून गेलं, आणि दहा वर्षांनी पॅच म्हणून आलं. कलमाचा गाभा असा: बोलून, लिहून, खुणांनी किंवा दुसऱ्या कशाने जो कुणी सरकारबद्दल डिसअफेक्शनची भावना चेतवील किंवा चेतवण्याचा प्रयत्न करील, त्याला शिक्षा. जास्तीत जास्त किती? जन्मठेप काळ्या पाण्याची.

पण डिसअफेक्शन म्हणजे काय, याची व्याख्या कुठेच नव्हती! त्याऐवजी एक स्पष्टीकरण जोडलं होतं आणि त्यात दुसराच एक शब्द होता – डिसअप्रोबेशन. म्हणजे नापसंती. सरकारच्या एखाद्या कृतीबद्दल नापसंती दाखवली, पण कायदेशीर सत्तेचं ऐकण्याची वृत्ती कायम आहे, तर ते डिसअफेक्शन नव्हे. झालं. दोन सारखे दिसणारे शब्द, दोन्हींच्या पुढे ‘डिस’. एकासाठी अंदमान, दुसऱ्यासाठी काहीच नाही. मधली रेघ कुठे काढायची ते न्यायाधीश आणि ज्युरी बघून घेतील.

पहिला प्रयत्न कलकत्त्यात झाला. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावर कडक टीका केली म्हणून ‘बंगवासी’ या पत्रावर खटला भरला गेला. मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाच्या उलट भावना, म्हणजेच तिटकारा किंवा द्वेष. आणि डिसअप्रोबेशन म्हणजे फक्त नापसंती. एखाद्या माणसाची मतं किंवा वागणं पटलं नाही तरी तो माणूस आपल्याला आवडू शकतो, असं त्यांचं म्हणणं. (लग्न झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) त्या ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे पत्रवाल्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खटला मिटला.

टिळकांचा खटला ८ सप्टेंबर १८९७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांच्यासमोर उभा राहिला. ज्युरीत नऊजण: सहा युरोपियन, तीन भारतीय. लेख मराठीत, कविता मराठीत, आणि ज्युरीतल्या बहुतेकांपुढे आधार काय, तर इंग्रजी भाषांतराचा. टिळकांच्या बाजूने कलकत्त्याहून आलेले बॅरिस्टर प्यू उभे होते. बचावाचा मुद्दा साधारण असा की नुसती नाराजी हा गुन्हा होऊ शकत नाही; सत्ता झुगारून द्यायला लोकांना उठवण्याचा प्रयत्न असेल तरच ते डिसअफेक्शन.

स्ट्रेचींनी ज्युरीला जे समजावलं ते पुढे प्रसिद्ध झालं, किंवा बदनाम झालं म्हणा. त्यांनी सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे सरळसरळ अफेक्शनचा अभाव. लगेच पुढे त्यांनी यादी दिली: द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तिरस्कार आणि सरकारबद्दलची प्रत्येक प्रकारची वाईट भावना. त्याला जवळचा शब्द म्हणून डिसलॉयल्टीही सांगितला. भावना किती तीव्र याला महत्त्व नाही. प्रत्यक्षात दंगा झाला की नाही, याचाही संबंध नाही.

पहिलं वाक्य पुन्हा बघा. अफेक्शनचा अभाव. शून्याला उणे म्हटलं! मी डॅशबोर्डवर केलं तेच. जो ‘हो’ म्हणत नाही तो लाल रंगात. फरक इतकाच की माझ्या लाल रंगाने कुणी तुरुंगात गेलं नसतं.

मात्र स्ट्रेचींवर अन्याय नको. त्यांची यादी बघितली तर द्वेष, वैर, तिरस्कार या सगळ्या उणे बाजूच्याच भावना आहेत. त्यांच्या मनात शून्य नसेलही. पण व्याख्येचं पहिलं वाक्य एक सांगतं आणि यादी दुसरंच, तेव्हा ज्युरीने कशावर चालायचं? आपल्याकडे फंक्शनच्या वर लिहिलेली कॉमेंट एक बोलते आणि खालचा कोड वेगळंच करतो, तेव्हा काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आणि परकीय सरकारबद्दल मनात प्रेम नसणं हा गुन्हा धरला, तर त्या काळचे किती लोक निर्दोष सुटले असते?

१४ सप्टेंबरला निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी. अठरा महिने सक्तमजुरी. दामोदर चापेकर तोवर पोलिसांच्या हाती लागलेलेही नव्हते. ते त्यानंतर काही आठवड्यांनी पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी गेले. टिळकांच्या वतीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली गेली. तिथे त्यांची बाजू मांडली अॅस्क्विथ यांनी, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांनी नेमका याच व्याख्येवर हल्ला चढवला. कौन्सिलने परवानगी नाकारली. टिळक शेवटी ६ सप्टेंबर १८९८ ला सुटले. त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत मॅक्सम्युलर होते. संस्कृतच्या पंडिताने संस्कृतच्या पंडितासाठी केलेली रदबदली.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच साली सातारा जिल्ह्यातल्या ‘प्रतोद’ या छोट्या मराठी पत्रावर त्याच कलमाखाली खटला झाला, आणि त्याचं अपील मुंबई हायकोर्टात तीन न्यायाधीशांपुढे आलं: मुख्य न्यायाधीश फॅरन, पार्सन्स आणि आपले महादेव गोविंद रानडे. तिघांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. डिसअफेक्शन म्हणजे नुसता प्रेमाचा अभाव नव्हे. फॅरन म्हणाले की हा शब्द इथे खास अर्थाने आला आहे, राजसत्तेपासून मन तुटणं, राजकीय असंतोष अशा अर्थाने. रानड्यांनी तर शून्य-उणेचा फरकच मांडला. प्रेम किंवा सदिच्छा नसणं एवढंच नाही, तर ती एक ठाम, प्रत्यक्ष अशी तिटकाऱ्याची भावना आहे, जी द्रोहाच्या, उघड अवज्ञेच्या जवळ जाते, असं त्यांचं मत.

म्हणजे त्याच कोर्टात, त्याच वर्षी, त्याच शब्दाचे दोन अर्थ! आणि दुसरा अर्थ सांगणाऱ्यांपैकी एकाला तो मजकूर मूळ मराठीत वाचता येत होता. पण म्हणून प्रतोदवाले सुटले असं समजू नका. व्याख्या नीट करूनही त्यांना दोषी ठरवलेलं कायम राहिलं. कमी झाली ती फक्त शिक्षा. मला हे महत्त्वाचं वाटतं. शब्दाचा अर्थ बरोबर लावला की न्याय आपोआप मिळतो असं नाही. पण चुकीचा लावला तर तो मिळायची शक्यताच संपते.

सरकारने यावर काय केलं? १८९८ साली कलम बदललं. डिसअफेक्शनच्या जोडीला ‘हेट्रेड’ आणि ‘कंटेम्प्ट’ म्हणजे द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले. आणि डिसअफेक्शनमध्ये डिसलॉयल्टी आणि वैराच्या सर्व भावना ‘इन्क्लूड’ होतात असं स्पष्टीकरण आलं. आता इथेही एक जोडी आहे, बघा: ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’. कायद्यात ‘अमुक म्हणजे तमुक’ असं लिहिलं तर विषय तिथे संपतो. ‘अमुकमध्ये तमुक येतं’ असं लिहिलं तर यादी उघडी राहते, अजून काय काय येतं ते नंतर बघू. तीस वर्षं व्याख्या नव्हती, ती एकदाची आली, तर तीही मागचं दार उघडं ठेवूनच.

१९०८ साली टिळक पुन्हा त्याच कोर्टात उभे राहिले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर केसरीत आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या लेखांसाठी. न्यायाधीश होते दिनशा दावर, जे १८९७ साली टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते. या वेळी टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि त्यांचं भाषण एकवीस तासांहून जास्त चाललं. त्यातला मोठा भाग शब्दांवर होता. माझ्या मराठी शब्दांना सरकारी भाषांतरकाराने निवडलेले इंग्रजी शब्द मूळापेक्षा जास्त कडक आहेत. त्या इंग्रजी शब्दांचा वास माझ्या मराठी शब्दांना नाही. आणि मला शिक्षा द्यायचीच तर माझ्या शब्दांसाठी द्या, भाषांतरकाराच्या नव्हे, असा एकूण सूर. त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणीही घेतली.

विचार करा. पन्नाशी ओलांडलेला, मधुमेहाने त्रासलेला माणूस सात युरोपियन आणि दोन पारशी ज्युरींपुढे उभा राहून मराठी शब्दाची छटा इंग्रजीत समजावून सांगतोय. आणि ती छटा कळली नाही तर काळं पाणी. आपल्याला कॉन्फरन्स कॉलवर ‘अॅक्च्युअली व्हॉट आय मेंट वॉज’ एवढं म्हणताना घाम फुटतो.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. पुढची सहा वर्षं मंडालेत गेली. निकालानंतर टिळक जे बोलले ते आज मुंबई हायकोर्टाच्या मध्यवर्ती कोर्टाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. ती पाटी १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते लागली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या भिंतीवर.

तिसऱ्यांदा, १९१६ साली, बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा वीस हजारांचा जातमुचलका आणि त्यावर जामीनही मागितले गेले. या वेळी जिना वकील होते. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी भाषणं सुटी सुटी वाक्यं तोडून न बघता एकत्र वाचली आणि हुकूम रद्द केला. तीन लढतींत एक विजय.

पुढे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींवर हेच कलम लागलं, तेव्हा त्यांनी शब्दावर वादच घातला नाही. गुन्हा कबूल केला आणि वर सांगितलं की अफेक्शन कायद्याने तयारही करता येत नाही आणि त्यावर नियंत्रणही ठेवता येत नाही. मला वाटतं, या सगळ्या वादावरचं हे सर्वांत साधं उत्तर आहे. व्याख्या काय करता, मुळात भावना हा कायद्याचा इनपुटच असू शकत नाही. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन तेवढीच शिक्षा दिली, सहा वर्षं.

स्वातंत्र्यानंतर कलम जाईल असं कुणालाही वाटलं असतं. घटना समितीत कन्हैयालाल मुन्शींनी दुरुस्ती आणली आणि भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांमधून ‘सिडिशन’ हा शब्द काढला गेला. पण दंडविधानातलं कलम तसंच राहिलं. दरम्यान कोर्टांचा पिंगपाँग चालूच होता. १९४२ साली फेडरल कोर्ट म्हणालं की सार्वजनिक शांतता बिघडण्याचा धोका असेल तरच गुन्हा. १९४७ साली मुंबईच्याच सदाशिव नारायण भालेराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, असं कलमात कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ठेवलं, पण अर्थ आवळला: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याचा हेतू वा कल असेल तरच ते लागू. म्हणजे सरकार न आवडणं हा गुन्हा नाही, हे पक्कं व्हायला टिळकांच्या पहिल्या खटल्यापासून पासष्ट वर्षं लागली. कागदावर तरी.

११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ ची अंमलबजावणी स्थगित केली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर दंडविधानच गेलं. नव्या कलम १५२ मध्ये डिसअफेक्शन नाही, सिडिशनही नाही. त्याजागी फुटीरपणा, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया, देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणं असे शब्द आहेत. डिसअप्रोबेशन मात्र स्पष्टीकरणात अजून टिकून आहे! १८७० सालच्या जोडीतला एक शब्द निवृत्त झाला, दुसरा अजून नोकरीत. आणि ‘विध्वंसक कारवाया’ म्हणजे नक्की काय, हे पुन्हा न्यायाधीशांनाच बघायचं आहे. आपण नाव बदललं, पण व्याख्येची टेस्ट केस अजून बाकी आहे.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपण काही केसरीत अग्रलेख लिहीत नाही. पण परवाच आमच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला की ही रिलीजची तारीख जमणार नाही. तो फक्त तारखेबद्दल बोलत होता. मीटिंग संपल्यावर बाहेर कुजबुज काय, तर ‘त्याचा अॅटिट्यूड निगेटिव्ह आहे’. नापसंती तारखेबद्दल होती, शिक्का बसला निष्ठेवर. घरी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, नातेवाईकांच्या ग्रुपवर हेच. एखाद्या निर्णयावर टीका केली की तू आमच्या विरुद्ध. गप्प बसलं तरी तू आमच्या विरुद्ध. डिसअप्रोबेशनला आपण डिसअफेक्शन म्हणतो, आणि शून्याला उणे. स्ट्रेचीसाहेबांना नावं ठेवणं सोपं आहे हो, पण त्यांचं पहिलं वाक्य आपण सगळेच दिवसातून दोनदा वापरतो.

परवा चिंचवडहून परत येताना चापेकर चौकात सिग्नलला अडकलो होतो. मागचा होर्न वाजवत होता, पुढचा हलत नव्हता. मनात आलं, इथल्याच तीन भावांनी रागाचा शेवट बंदुकीने केला. आणि ज्याने लेखणीने केला, त्याच्या रागाला शब्द कुठला लावायचा, यावर गावोगावची कोर्टं पन्नास-साठ वर्षं भांडत बसली. रागाला अचूक शब्द असणं आणि तो बोलायची मुभा असणं, हे दोन्ही असेल तर गोळीची गरज कमी पडते का? मला खात्रीने सांगता येणार नाही. पण मुभा नसेल तर काय होतं, ते त्या चौकाचं नाव सांगतं.

असो. डॅशबोर्ड आता दुरुस्त झालाय. ‘हो’ला हिरवा, ‘नाही’ला लाल, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यासाठी वेगळा करडा रकाना. क्लायंटच्या माणसाने विचारलं की हा करडा कशाला ठेवलाय, काढून टाका, उगाच कन्फ्यूजन. मी म्हटलं, साहेब, तो राहू द्या. त्यासाठी लोक तुरुंगात गेलेत.

त्याला काही कळलं नाही. पण रकाना राहिला. :)